जरथुश्त्री विचारातील माणूस

डहाणू, घोलवड आणि बोर्डीच्या परिसरात इराणी व पारशी कुटुंबांच्या चिकूच्या बागा आहेत आणि संजाण ही पारशी वसाहत पडल्यावर इराणशाह हा पवित्र अग्नी याच परिसरातील बाहरोटच्या गुंफांत 12 वर्षे राखला गेला, अशी परंपरा सांगितली जाते. हा समाज इतका जवळ असूनही त्याच्या जरथुश्त्री धर्मात माणूस दोन देवांच्या युद्धात परवश असतो, असा समज सर्रास आढळतो. वस्तुतः अहुर मज्दा (ज्ञानरूप परमेश्वर) हा एकच निर्माता पूज्य असून, माणूस त्याची चांगली निर्मिती आहे, जन्मतः पापी नाही. मात्र स्पेन्त मैन्यू (हितकारी वृत्ती) आणि अंग्र मैन्यू (विनाशक वृत्ती) यांतून निवड त्यालाच करावी लागते. पाटाचे पाणी कोणत्या चारीत सोडायचे आणि कोणती चारी बुजवायची हे बागायतदार ठरवतो, तशीच ही निवड असते. पुढच्या काळातील पहलवी (मध्यकालीन इराणी भाषेतील) ग्रंथांनी दोन शक्तींचा संघर्ष अधिक ठळक केला, त्यामुळे हा गैरसमज अगदीच निराधार नाही, परंतु माणसाचे स्वातंत्र्य तेथेही कायम राहते. म्हणूनच नवजोत (दीक्षाविधी) तान्ह्या बाळाचा होत नाही. बऱ्यावाईटाची समज आल्यावर, बहुधा 7 ते 11 या वयात, मुलाला किंवा मुलीला सुदरा (पांढरा पवित्र सदरा) आणि कुस्ती (लोकरीचा कटिबंध) दिली जाते आणि विचार, उच्चार व आचाराची जबाबदारी तेव्हापासून सुरू होते.