किडनी बदलली, मग तोल का जातो?

परंडा तालुक्यातल्या सोनारीत काळभैरवनाथाची चैत्रातली यात्रा ऐन उन्हात भरते. किडनी प्रत्यारोपण झालेल्या माणसाचा अशा उन्हात घाम जाऊन रक्तदाब उतरू शकतो. उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते आणि तो पडतो. सगळे उन्हाला दोष देतात. मूळ कारण मात्र रोजच्या गोळ्यांतही असू शकते.

शरीराने नवा अवयव नाकारू नये म्हणून टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट आणि प्रेडनिसोलोन ही औषधे सहसा एकत्र देतात. टॅक्रोलिमसने हात थरथरतात. रक्तातली पातळी फार वाढली तर चालताना तोलही जाऊ शकतो. जुलाब लागले की ही पातळी चढू शकते, हे घरच्यांना आधीच सांगायला हवे. प्रेडनिसोलोन दीर्घकाळ घेतल्यास मांड्यांचे स्नायू दुबळे होतात. हाताचा आधार न घेता जमिनीवरून उठता येईनासे झाले, तर ते वयावर ढकलू नका. याच औषधाने हाडे ठिसूळ होतात, म्हणून साध्या पडण्यातही खुब्याचे हाड मोडू शकते. मोतीबिंदू, वाढलेली साखर, रक्तदाबाच्या गोळ्या यांची भर वेगळीच.

तरीही गोळ्या मनाने बंद करायच्या नाहीत. त्यात बसवलेली किडनीच जाऊ शकते. लागले नसले तरी पडल्याचे डॉक्टरांना सांगा. टॅक्रोलिमसची पातळी तपासण्यासाठी रक्त सकाळची गोळी घेण्याआधी द्यायचे असते. आणि दुखते म्हणून दुकानातून डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन आणू नका: या गोळ्या त्याच किडनीला इजा करतात.