अर्धा इंच म्हणजे एक फूट!

‘अहो, केस पिकायला लागले तरी अजून गाड्या गाड्याच खेळताय!’

पुष्कळ घरांत रविवारी सकाळी हे वाक्य ऐकू येतं. यजमान जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून बसलेले, पुढ्यात बोटभर लांबीची मोटार, हातात चिमटा, आणि चिरंजीव बाजूला श्वास रोखून उभे. टेबल कधी रिकामं होणार, हा गृहिणीपुढचा प्रश्न. कणीक भिजवायची आहे, भाजी चिरायची आहे आणि घरभर रंगाचा वास!

प्रमाणबद्ध छोट्या मोटारी जोडणं, रंगवणं, त्यांत आपल्या मनासारखे बदल करणं हा छंद आता आपल्याकडेही चांगला रुजला आहे. आम्ही राहतो त्या नाशिकच्या द्वारका भागात तर त्याचं नवल वाटायला नको. मुंबई-आग्रा रस्ता आणि पुण्याचा रस्ता इथे एकत्र येतात. डोक्यावरून उड्डाणपूल, खाली ट्रक, एसटी, रिक्षा यांची रीघ. इथली मुलं अक्षरं ओळखण्याआधी गाड्या ओळखतात. तिकडे सातपूरला महिंद्राचा कारखाना. 2002 साली आलेली स्कॉर्पिओ याच नाशिकमध्ये तयार झाली. गाड्या बनवणाऱ्या गावातल्या माणसांना गाड्या बनवायची हौस असली, तर त्यात वावगं ते काय?

पण मैत्रिणींनो, आज मला यजमानांची किंवा चिरंजीवांची वकिली करायची नाही. मला सांगायचंय ते तुमच्याविषयी.

खेळणं आणि मॉडेल

बाजारातली खेळण्यातली मोटार आणि मॉडेल यांत फरक आहे तो मापाचा. खेळण्याची चाकं मोठी असली, दारं वेडीवाकडी असली तरी चालतं. मॉडेलमध्ये मात्र खऱ्या गाडीचं प्रत्येक माप एकाच आकड्याने भागलेलं असतं. 24 ने भागलं तर ते ‘एकास चोवीस’ प्रमाण. 43 ने भागलं तर ‘एकास त्रेचाळीस’. दुकानात ज्या इवल्याशा धातूच्या गाड्या टांगलेल्या दिसतात, त्या साधारण ‘एकास चौसष्ट’च्या असतात.

त्या इवल्या गाड्यांच्या जन्माची एक गोष्ट मोठी गमतीची आहे. इंग्लंडमध्ये जॅक ओडेल नावाचे एक कारागीर होते. त्यांच्या मुलीच्या शाळेत नियम असा, की काडेपेटीत मावेल एवढंच खेळणं आणायचं. ओडेलनी 1952 च्या सुमारास तिच्यासाठी एक चिमुकला रोडरोलर घडवला. तो वर्गातल्या सगळ्यांनाच हवासा झाला, आणि 1953 पासून त्यांच्या कंपनीने ‘मॅचबॉक्स’ नावाने छोट्या गाड्या विकायला सुरुवात केली. शाळेचा एक नियम आणि लेकीचा हट्ट यांतून जगभर पसरलेला धंदा उभा राहिला!

आपल्याला हे येतंच!

आता ‘एकास चोवीस’ म्हणजे काय ते शिवणाच्या टेपवर पाहा. एका फुटात बारा इंच, म्हणजे चोवीस अर्धे इंच. तेव्हा खऱ्या गाडीचा एक फूट म्हणजे मॉडेलमधला अर्धा इंच. झालं, एवढंच गणित!

ज्या बाईने कागदी नमुन्यावरून ब्लाउज बेतला आहे, छत्तीसच्या मापाचं चौतीस केलं आहे, कटोरीचा गोलवा कात्रीने अचूक आणला आहे, तिला हे काम अवघड वाटायचं कारण नाही. सपाट कापडाला अंगाचा आकार द्यायचा आणि सपाट पुठ्ठ्याला मोटारीचा आकार द्यायचा, यांत विद्या एकच. शिवणात शिलाईसाठी माया सोडतो, इथे चिकटवायला पट्टी सोडायची. बारीक कुंचल्याने रांगोळीसारखी सरळ रेघ ओढायची सवयही आपल्या हाताला आहे.

आमच्या शेजारच्या वहिनींनी मुलाच्या जीपसाठी ब्लाउजपिसाच्या उरलेल्या तुकड्याचं कापडी छत शिवून दिलं. नखाएवढी दुमड आणि तीही सरळ! ते पाहून मुलगा म्हणाला, ‘आई, पुढची गाडी तूच कर ना.’ वहिनी हसल्या. ‘मला कुठे वेळ?’ म्हणाल्या. हे ‘मला कुठे वेळ’ आपल्या सगळ्यांच्याच तोंडी असतं. त्याकडे शेवटी येऊ.

तीन वाटा

या छंदाच्या मुख्य वाटा तीन. पहिली, तयार किट आणून जोडायची. त्यात प्लास्टिकचे सुटे भाग एका चौकटीला जोडलेले येतात. ते कापायचे, साबणाच्या कोमट पाण्यात धुवायचे, कारण साच्यातला तेलकटपणा राहिला तर रंग धरत नाही. मग घासायचे, रंगवायचे, जोडायचे. ही किटं बहुतेक परदेशी आणि महाग. शिवाय रंग, कुंचले, गोंद यांचा खर्च वेगळा.

दुसरी वाट, धातूची तयार गाडी घेऊन तिचं रूप पालटायचं. तळाचे रिव्हेट ड्रिलने काढून गाडी उघडतात, जुना रंग उतरवतात, नवा देतात, चाकं बदलतात.

तिसरी वाट सगळ्यात स्वस्त आणि माझ्या मते सगळ्यात खरी. पुठ्ठा किंवा सनबोर्ड घेऊन गाडी मुळापासून स्वतः घडवायची. महाराष्ट्रात या वाटेने जाणाऱ्यांची लाडकी म्हणजे आपली एसटी. 1 जून 1948 रोजी पुण्याहून अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, पहिली बस धावली. तेव्हापासून एसटीवर जीव टाकणारी माणसं आहेत. खिडकीच्या गजांपासून मागच्या शिडीपर्यंत हुबेहूब एसटी घरी बनवणारी हौशी मुलं ठिकठिकाणी आहेत. मात्र साधारण अकरा मीटरची बस ‘एकास चोवीस’मध्ये दीड फुटाची होते. कपाटाची फळी मोजल्याशिवाय सुरू करू नये!

पहिली गाडी: काळी-पिवळी टॅक्सी

नवशिक्या हातासाठी प्रीमियर पद्मिनी चांगली. चौकोनी अंग, सरळ रेषा, आणि ओळख पटायला वेळ नको. कुर्ल्याच्या कारखान्यात बनणाऱ्या या फियाटला 1974 मध्ये पद्मिनी हे नाव मिळालं. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी 29 ऑक्टोबर 2003 रोजी नोंदली गेली. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा असल्याने ऑक्टोबर 2023 अखेर ती रस्त्यावरून गेली. माहेरी जाताना दादर स्टेशनबाहेर जिच्यात बसलो, ती गाडी नातवंडांना दाखवायची तर आता मॉडेलच करायला हवं.

खरी गाडी 393 सेंटिमीटर लांब, 146 रुंद, साधारण 147 उंच. चोवीसने भागा: लांबी 16.4, रुंदी आणि उंची प्रत्येकी 6.1 सेंटिमीटर. पुढच्या-मागच्या चाकांच्या मध्यांत 9.75 सेंटिमीटर अंतर.

साहित्य घरातलंच. आलेखाच्या कागदावर बाजूचं चित्र काढा आणि लग्नपत्रिकेच्या जाड कार्डावर उतरवा. दोन बाजू, पुढचा आणि मागचा भाग, बॉनेट, डिकी, छप्पर आणि तळ असे तुकडे कापा. घडी घालायची तिथे संपलेल्या रिफिलच्या टोकाने आधी रेघ दाबून घ्या, घडी सुरेख येते. गोलवा हवा तिथे कार्ड पेन्सिलीवर फिरवा. आतून दर तीन सेंटिमीटरवर पुठ्ठ्याचा आडवा पडदा चिकटवा, म्हणजे अंग बसकं होत नाही.

चाकांना कोटाची 2.5 सेंटिमीटरची काळी बटणं, आसाला उदबत्तीची काडी. दिव्यांना भरतकामातले लहान आभले. छपरावरच्या कॅरियरला खराट्याच्या काड्या. काचांना मिठाईच्या डब्याचं पारदर्शक झाकण. ते मात्र फेव्हिकॉलनेच चिकटवा. झटपट चिकटणाऱ्या गोंदाच्या वाफेने पारदर्शक प्लास्टिकवर पांढरट धुकं धरतं आणि ते सहज निघत नाही.

रंगाआधी पातळ केलेल्या फेव्हिकॉलचा हात आतून-बाहेरून द्या, नाहीतर कार्ड वाकडं होतं. वाळल्यावर बारीक पॉलिशपेपर हलकेच फिरवा. मग पाण्यात कालवायचे ॲक्रिलिक रंग. खाली काळा, छपराला पिवळा. एक जाड हात देण्यापेक्षा तीन पातळ हात द्या, आणि प्रत्येक हात पुरता वाळू द्या. घाई केली की बोटांचे ठसे उमटलेच!

घर सांभाळून छंद

आता घरच्या दृष्टीने चार गोष्टी. त्या पाळल्या नाहीत तर छंद महागात पडतो.

फवारणीचे रंग आणि थिनर पटकन पेट घेतात. गॅस, समई, निरांजन यांच्या जवळपास ते उघडायचे नाहीत. गॅलरीत, दारं-खिडक्या उघड्या ठेवून काम करावं. तान्हं मूल, दमेकरी किंवा गरोदर बाई घरात असेल तर पाण्याचेच रंग वापरावेत.

झटपट चिकटणारा गोंद सुती कपड्यावर सांडला तर कापड एकदम तापतं आणि चटका बसतो. सुती साडी किंवा फडकं त्यापासून दूर ठेवा. बोटं चिकटली तर ओढू नका. साबणाच्या कोमट पाण्यात धरा आणि हळूहळू सोडवा. डोळ्यांत गेला तर डोळे पाण्याने धुऊन थेट डॉक्टरकडे.

ॲक्रिलिकचा डाग ओला असतानाच गार पाण्याने धुवा, एकदा वाळला की तो हटत नाही. नेलपॉलिश काढायचं द्रव प्लास्टिकच्या मॉडेलला मुळीच लावू नका, त्याने प्लास्टिक विरघळतं. जुन्या खेळण्यांचा रंग कोरडा घासू नये. त्यात शिसं असू शकतं.

पावसाळ्यात रंगकाम टाळावं. दमट हवेत फवारलेल्या रंगावर पांढरट झाक येते, पुठ्ठा फुगतो. कापाकापी, जोडणी आषाढ-श्रावणात, रंग दिवाळीनंतर. तयार गाडी काचेच्या कपाटात ठेवावी, म्हणजे धूळ पुसताना आरसे मोडत नाहीत.

आणि पैशांचं? महिन्याला छंदाची रक्कम ठरवावी आणि ती वाण्याच्या नि दुधाच्या हिशेबाशेजारी वहीत लिहावी. लिहिलं की हात आपोआप आखडतो.

टेबल कुणाचं?

आता वहिनींच्या ‘मला कुठे वेळ’कडे येऊ. नवऱ्याच्या छंदाला टेबल मिळतं, मुलाच्या छंदाला कौतुक मिळतं. पसारा आवरणं तेवढं आपल्या वाट्याला. आपण शिवतो, विणतो, भरतो, पण त्यालाही ‘उपयोगाचं’ असावं लागतं. स्वेटर कुणाला तरी व्हायला हवा, उशीचा अभ्रा पाहुण्यांना दिसायला हवा. नुसतं आपल्याला आवडतं म्हणून, कुणाच्याही उपयोगाची नसलेली एक गोष्ट बाईने करावी, याला घरात जागा नसते.

म्हणून घरात हा छंद आलाच असेल, तर तक्रार करण्यापेक्षा एक खुर्ची ओढून बसा. आठवड्यातून दोन तास ठरवून घ्या, आणि त्या दोन तासांचा चहा दुसऱ्या कुणालातरी करू द्या! ज्याचा पसारा त्यानेच आवरायचा, हा नियम सगळ्यांना सारखा. नवरा-बायको, आई-मुलगा शेजारी बसून एकच गाडी करतात तेव्हा बोलणंही वेगळं होतं. मार्क आणि बिलं सोडून दुसरं काहीतरी निघतं.

मुलीलाही बोलवा. ‘गाड्या मुलांच्या’ असं कुणी ठरवलं? मोटारींचे कारखाने नवी गाडी काढण्याआधी मातीचं मॉडेल करतात आणि ते घडवणाऱ्या कुशल हातांना तिथे मान असतो. मुंबईच्या आयआयटीतल्या आयडीसी या विभागात वाहनांचं डिझाइन शिकवलं जातं. पुठ्ठ्याची टॅक्सी करणारी प्रत्येक मुलगी तिथे पोचेलच असं नाही; पण माप घ्यायला, धीर धरायला आणि बिघडलेलं पुन्हा करायला ती शिकेल. हे शिक्षण कुठल्याच संसारात वाया जात नाही.

तेव्हा शिवणाच्या डब्यातून टेप काढा. त्यावर अर्ध्या इंचावर बोट ठेवा. तो तुमचा पहिला फूट!