न जळणारी वात

विजेचा दिवा एडिसनने शोधला, असे मुलांना सांगून आपण मोकळे होतो. मला मात्र त्याच्या वातीची हकीकत अधिक मोलाची वाटते. पणतीची वात जळते म्हणून उजेड पडतो. इथे वात तापून पांढरी व्हावी, पण जळू नये, असा पेच होता. म्हणून बल्बमधली हवा काढून टाकीत.

१८७९ साली अमेरिकेत एडिसनने सुती दोऱ्याचा कोळसा करून तो तापवला. पुढे जपानी बांबूचा तंतू हजार तासांहून अधिक टिकला. पण भाजताना असे तंतू वेडेवाकडे होत. ते पुठ्ठ्याच्या पाकिटात घालून भाजण्याच्या रीतीचे पेटंट १८८२ साली लुइस लॅटिमर या कृष्णवर्णीय आरेखकाने घेतले. त्याचे आईबाप गुलामगिरीतून पळून आलेले!

तरी कोळशाचे कण उडून काच काळवंडेच. टंगस्टन वितळायला सुमारे ३४०० अंश सेल्सिअस उष्णता लागते, पण ती धातू ठिसूळ. १९१० च्या सुमारास कूलिजने तिची लवचिक तार काढली आणि हा पेच सुटला.

आज एलईडीत वातच उरली नाही. तरी मुलांना दिव्याची गोष्ट सांगताना एडिसनबरोबर लॅटिमर आणि कूलिज ही नावेही अवश्य सांगावीत.