कार्ल्याच्या खांबांवरची नावे

चैत्रात एकवीरा आईच्या यात्रेला कोळी-आगरी मंडळी मोठ्या संख्येने कार्ल्याचा डोंगर चढतात. लोणावळ्याजवळचे हे ठाणे. आईचे दर्शन झाले, की शेजारच्या लेण्यात जरूर पाऊल टाकावे. तेथे बौद्ध भाविक आजही स्तूपाला वंदन करायला येतात.

सुमारे १२४ फूट लांब आणि ४५ फूट रुंद असा हा चैत्य अखंड कातळात कोरलेला आहे. आत ३७ खांब आहेत. वर कमानीसारख्या लाकडी फासळ्या दिसतात. त्या जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वीच्या, मूळच्याच आहेत.

एवढे काम एखाद्या राजाने करवले असेल, असे आपल्याला वाटते. पण खांबांवरची ब्राह्मी अक्षरे वेगळेच सांगतात. आपल्या गावचे देऊळ वर्गणीतून उभे राहते, तसेच हे घडले. एकेक खांब एकेका दात्याचा. त्यांत धेनुकाकट गावचे यवन, म्हणजे परदेशी मंडळीही आहेत. कर्नाटकातल्या वैजयंतीच्या भूतपाल शेठचे नाव आहे, भिक्षुणींच्या देणग्या आहेत. दाराशी सामी नावाच्या सुताराचे आणि सिंहदत्त नावाच्या अत्तरवाल्याचे नाव आहे.

भिक्षू एरवी गावोगाव फिरत. पावसाळ्यात मात्र एका जागी राहत. चालताना हिरवे अंकुर आणि बारीक जीव पायाखाली तुडवले जाऊ नयेत, हा त्यामागचा विचार. शेतकऱ्याला तो वेगळा समजावून सांगायला नको! वर्षावासातल्या या भिक्षूंच्या पोटापाण्यासाठी नहपान राजाचा जावई उषवदात याने करजिक गाव दान दिले. पुढे सातवाहनांचे राज्य आले, तरी दान मोडले नाही. तसा हुकूम ‘मामाल’च्या अंमलदाराला गेला, तो भिंतीवर कोरलेला आहे. मामाल म्हणजेच आपला मावळ!

राजे बदलले, पण सुताराचे नाव राहिले. ते राहिले, कारण त्याने आधी काही दिले. म्हणून मुलाबाळांना लेणे दाखवताना दोन गोष्टी सांभाळा. खिळ्याने किंवा कोळशाने भिंतीवर आपले नाव लिहू देऊ नका. आणि आत दिवा, उदबत्ती, विडीची काडी पेटवू नका. दगड एकवेळ टिकेल, पण जळालेले लाकूड पुन्हा मिळणार नाही.