टाळूवर तेल नको, पोटात पाणी द्या

गेल्या पावसाळ्यात लोणी काळभोरजवळ पाल टाकून राहिलेल्या एका कातकरी कुटुंबाकडे आम्ही गेलो होतो. अकरा महिन्यांचे लेकरू आईच्या मांडीवर मलूल पडलेले. दोन दिवस जुलाब चालू. आजी म्हणाली, "टाळू बसली त्याची. तेल भरलंय. पाणी पाजलं की पुन्हा ढाळतंय, म्हणून पाणी तोडलंय."

आजीची माया खरी होती, समजूत तेवढी चुकीची. टाळू बसल्याने जुलाब होत नाहीत. जुलाबाने अंगातले पाणी जाते, म्हणून टाळू खोल जाते. अशा वेळी पाणी तोडणे म्हणजे जीवच तोडणे. मेळघाटात लेकरांच्या पोटावर डाग दिले जात. पण आदिवासींना हसू नका. "दात येताहेत, जुलाब होणारच," म्हणून शिकलेल्या घरांतही दोन-दोन दिवस जातात.

आजीच्या चुलीवर मात्र एक उत्तम गोष्ट होती, तांदळाची पेज. चिमूटभर मिठाची पातळ पेज जुलाबात फार उपयोगी.

1971 साली बांगलादेशी निर्वासितांच्या बनगाव छावणीत पटकीची साथ आली. सलाइन संपत आले. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचे पाणी तोंडाने पाजायला लावले. पाजणारे बहुतेक घरचेच लोक. सुमारे 30 टक्क्यांवर गेलेले मृत्यू 4 टक्क्यांच्या आत आले!

माता-भगिनींनो, एवढे ध्यानात ठेवा. अंगावरचे दूध बंद करू नका. ओआरएसची पुडी 1 लिटर स्वच्छ पाण्यात विरघळवा. ते पाणी 24 तासांत संपवा. पुडी नसेल तर 1 लिटर पाण्यात 6 सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. दोन वर्षांखालच्या बाळाला प्रत्येक जुलाबानंतर पाव ते अर्धा कप, चमच्याचमच्याने पाजा. उलटी झाली तर 10 मिनिटे थांबून पुन्हा द्या. आशाताईंकडून झिंकच्या गोळ्या घ्या. जुलाब थांबले तरी 14 दिवस पूर्ण करा. शौचात रक्त, खोल डोळे, सुस्ती, पाणी न पिणे, यांपैकी काहीही दिसले तर थेट दवाखाना गाठा.

ते लेकरू आम्ही वाटेत चमच्याने पाजत पाजत सरकारी दवाखान्यात नेले. संध्याकाळी ते रडले, तेव्हा डोळ्यांत पाणी आले. आजी म्हणाली, "आता आसवं आली, म्हणजे जगतंय." दवाखान्यातल्या बाईंनी मान हलवली. आजीचे हे निदान मात्र अगदी बरोबर होते.