कॉलेजच्या पत्त्यावरची कंपनी

‘थ्री इडियट्स’ चित्रपटात जॉय लोबो या विद्यार्थ्याच्या खिडकीपर्यंत उडत जाणारं ते पंख्यांचं यंत्र अनेकांना आठवत असेल. ती निव्वळ कॅमेऱ्याची करामत नव्हती. आयआयटी मुंबईच्या माजी विद्यार्थ्यांनी २००७ साली काढलेल्या ‘आयडियाफोर्ज’ या कंपनीचं ते ड्रोन. पुढे याच कंपनीने पुण्यातल्या दिघीच्या डीआरडीओ प्रयोगशाळेबरोबर ‘नेत्र’ हे ड्रोन घडवलं. २०१३च्या उत्तराखंड महापुरात शोधकार्यासाठी ते वापरलं गेलं. जुलै २०२३मध्ये कंपनी शेअर बाजारात आली आणि ६७२ रुपयांचा शेअर पहिल्याच दिवशी जवळपास दुपटीवर उघडला. नंतर तो बराच घसरलाही. बाजार कुणाची डिग्री बघत नाही!

ही कंपनी वाढली ती ‘साइन’मध्ये. आयआयटीने २००४ साली पवईच्या आवारातच सुरू केलेलं हे केंद्र. अशा केंद्रांना इन्क्युबेटर म्हणतात. तिथे पैसे वाटतात, असा अनेकांचा समज असतो. पण नव्या उद्योजकाला आधी अडतं ते वेगळ्याच गोष्टींपाशी. कंपनी नोंदवायची तर पत्ता लागतो. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या पोराला घरमालक ना-हरकत पत्र देईलच असं नाही. सेन्सरची चाचणी दोन तासांची असते, पण त्यासाठी लागणारं उपकरण लाखोंचं. पेटंटचा अर्ज कसा लिहायचा, भागीदारांत शेअर कसे वाटायचे, हे वर्गात शिकवलेलं नसतं. इन्क्युबेटरमध्ये यातलं बरंचसं एकाच छपराखाली मिळतं. शिवाय आधी धंद्यात पडून हात पोळलेला एखादा माजी विद्यार्थी भेटतो, तो फायदा वेगळाच.

पैशांचा रस्ताही याच दारातून जातो. केंद्र सरकारच्या ‘निधी-प्रयास’ योजनेत पहिला नमुना बनवायला १० लाख रुपयांपर्यंत मदत मिळू शकते. ‘स्टार्टअप इंडिया सीड फंड’मधून कल्पना चालते हे सिद्ध करायला २० लाखांपर्यंत अनुदानाची सोय आहे. दोन्ही रकमा निवडक केंद्रांमार्फतच मिळतात. म्हणजे अर्ज कितीही चांगला असला, तरी आधी योग्य केंद्र गाठावं लागतं.

अर्थात हे सगळं फुकट नसतं. इन्क्युबेटर बरेचदा कंपनीत छोटा हिस्सा मागतो. शिक्षण मंत्रालयाच्या २०१९च्या धोरणात सेवांच्या बदल्यात २ ते ९.५ टक्के हिस्सा घेण्याची मुभा आहे. याच धोरणात विद्यार्थ्यांसाठी एक फार कामाची सूचना आहे: स्टार्टअपवर काम करणाऱ्याची हजेरी कमी भरली, तरी त्याला परीक्षेला बसू देता येतं. गंमत अशी, की किती विद्यार्थ्यांना आणि किती प्राचार्यांना हे ठाऊक आहे, याची शंकाच वाटते.

आयआयटीत प्रवेश मिळाला नाही म्हणून हे दार बंद होत नाही. पुण्यात पाषाणला राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या आवारात २००७पासून ‘व्हेंचर सेंटर’ आहे. तिथे बाहेरच्या संशोधक-उद्योजकांनाही प्रयोगशाळेची जागा आणि पेटंटविषयक मदत मिळते. औषधं, रसायनं, जैवतंत्रज्ञान यांत काही करू पाहणाऱ्याने ते जरूर बघावं, कारण या क्षेत्रांत घरच्या गॅरेजमध्ये फारसं काही जमत नाही.

आणि गावोगावच्या कॉलेजांतले उद्योजकता कक्ष? काही खरोखर काम करतात. पण बऱ्याच ठिकाणी कक्ष म्हणजे एक फ्लेक्स, एक दीपप्रज्वलन आणि पाहुण्यांचं भाषण. फरक ओळखायचा तर उद्घाटनाचे फोटो बघू नका. वर्कशॉप संध्याकाळनंतर उघडं असतं का आणि गेल्या वर्षी इथून कोणती कंपनी नोंदवली गेली, एवढं विचारा. पास होऊन कॉलेज सोडलं असलं, तरी विचारायला हरकत नाही. अनेक केंद्रं माजी विद्यार्थ्यांचे अर्जही घेतात.