बँकेच्या लिलावातला फ्लॅट भाड्यासाठी घेताय? किमतीआधी ‘ताबा’ वाचा

कर्जाचे हप्ते थकले की बँक तारण ठेवलेलं घर लिलावात काढते. राखीव किंमत अनेकदा बाजारभावापेक्षा कमी असते. त्यामुळे भाड्याने देण्यासाठी पहिलं घर घेणाऱ्यांना अशा जाहिराती खुणावतात. जाहिरातीत किमतीआधी पाहायचा शब्द मात्र ‘ताबा’ हा आहे.

‘प्रत्यक्ष ताबा’ असेल तर घर खरोखर बँकेच्या हातात आहे. ‘सांकेतिक ताबा’ म्हणजे बँकेने नोटीस लावली आहे, पण आत मूळ कर्जदार किंवा त्याचा भाडेकरू राहत असू शकतो. त्यांना बाहेर काढण्यासाठी बँक २००२ च्या सरफेसी कायद्याच्या कलम १४ खाली जिल्हाधिकारी किंवा दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करते. आदेशाची मुदत ३० दिवस, फार तर ६०. पण ती पाळलीच पाहिजे असं बंधन नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितलं. शिवाय कर्जदार कर्ज वसुली न्यायाधिकरणात जाऊ शकतो. कर्जाच्या आधीपासूनचा कायदेशीर भाडेकरू असेल, तर त्याचा हक्क लिलावाने आपोआप संपत नाही.

राहायला घर हवं असणारा एक वेळ थांबेल. भाड्यासाठी घेणाऱ्याचं गणितच बिघडतं. समजा, ४८ लाखांचा फ्लॅट ४० लाखांत मिळाला आणि त्यासाठी ९ टक्के दराने, २० वर्षांसाठी ३० लाखांचं कर्ज काढलं. हप्ता सुमारे २७ हजार. ताबा मिळायला दीड वर्ष लागलं, तर तेवढ्या काळात नुसतं व्याजच सुमारे चार लाख जातं. महिना १३ हजारांचं भाडं धरलं, तर बुडालेलं भाडं आणखी २ लाख ३४ हजार. आठ लाखांच्या बचतीतले उरले दीड-पावणेदोन लाख. (आणि ताबा मिळाल्यावरही भाड्यातून हप्त्याचा निम्माच भाग निघतो, हे वेगळंच.)

पैशाची घाईही मोठी असते. बोली जिंकल्यावर त्याच दिवशी किंवा पुढच्या कामकाजाच्या दिवशी, इसाऱ्यासह २५ टक्के रक्कम भरावी लागते. उरलेली रक्कम विक्री पक्की झाल्यापासून १५ दिवसांत. बँकेने लेखी मान्य केलं तर कमाल तीन महिन्यांत. कर्ज मंजूर झालं नाही, ही सबब चालत नाही. भरलेले २५ टक्के बँक पूर्ण जप्त करू शकते, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये स्पष्ट केलं. ४० लाखांच्या घरात हे १० लाख होतात. म्हणून कर्जाची तत्त्वतः मंजुरी बोलीआधीच हातात हवी.

विक्री ‘जसं आहे, जिथे आहे’ या अटीवर होते. सोसायटीचा थकलेला मेंटेनन्स, मालमत्ता कर, वीजबिल हे बहुतेकदा खरेदीदाराच्या गळ्यात पडतं. बँकेच्या अधिकाऱ्यापेक्षा सोसायटीच्या सचिवाकडून ही माहिती लवकर मिळते: थकबाकी किती, आत कोण राहतं, गळती आहे का. बोली लावण्याआधी त्या ऑफिसात एक चक्कर मारावी, आणि थकबाकीचा आकडा लेखी घ्यावा.